लडीएवढा चंद्र

आमच्या घरी संकष्टीला चंद्र बघायचं काम माझ्याकडं असतं. सासूबाईंचा उपास असतो आणि चंद्र दिसल्याशिवाय त्या पानावर बसत नाहीत. नऊच्या सुमारास मी गच्चीवर जाते, थोड्या वेळानं खालून हाक येते, "दिसला का गं?" एकदा मी वरूनच सांगितलं की अजून वेळ आहे, कॅलेंडरात नऊ तेवीस दिलंय. त्या म्हणाल्या, "ती मुंबईची वेळ. आपल्याकडं आधी उगवतो." मी मागं वळून बघितलं तर शेजारच्या पाण्याच्या टाक्यांमधून तो खरंच वर येत होता. तांबूस, एका बाजूनं जरा झिजलेला. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन अंश रेखांशावर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे आपल्याकडं चंद्र दहा-बारा मिनिटं आधीच. सासूबाईंना हा हिशोब माहीत नव्हता, पण चाळीस वर्षांच्या उपासांनी त्यांना उत्तर माहीत होतं.

त्या रात्री मी फोननं फोटो काढला. फोटोत टाक्या काळ्या, आभाळ काळं आणि मध्ये एक पांढरा ठिपका. चुन्याची बोटं पुसावीत तसा. मी शाळेत चित्रकला शिकवते, बावीस वर्षं झाली. जे डोळ्यांना दिसलं ते कागदावर का उतरलं नाही, हा प्रश्न मी रोज मुलांना विचारते. तो मला स्वतःला पडला आणि सुटेना. पुढचं वर्षभर त्याच्यामागं गेलं.

एका ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स घेतली. पहिल्या दोन महिन्यांत जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण ते कुणीही चार रात्रीत शिकेल. रात्र असली तरी चंद्रावर ऊन पडलेलं असतं. आपण अंधारात उभे असतो, तो उन्हात. त्यामुळं कॅमेऱ्याला ठरवू दिलं की तो काळं आभाळ बघून उजेड वाढवतो आणि चंद्र पांढराफेक होतो. एक जुना नियम आहे: चंद्र पूर्ण असेल आणि आभाळात चांगला वर आलेला असेल, तर लेन्सचं छिद्र, जिथून उजेड आत येतो ते, एफ-११ या मापावर ठेवायचं आणि आयएसओचा, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा आहे त्याचा, आकडा हाच शटर किती वेळ उघडायचं त्याचा आकडा. आयएसओ २०० असेल तर सेकंदाचा २०० वा भाग. हा नियम चालतो, कारण चंद्राची चमक ठरलेली आहे. अन्सेल अॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, तेव्हा घाईत त्यांना लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडला नव्हता. चंद्राची चमक किती ते त्यांना पाठ होतं, त्यावरून त्यांनी हिशोब केला. हे वाचलं त्या दिवशी मी कॅमेऱ्याचं ऑटोवरचं चाक फिरवलं ते आजपर्यंत परत नेलेलं नाही.

तर चंद्र स्पष्ट आला. डाग दिसले, कडेचे खळगे दिसले. घरी सगळ्यांनी वा वा केली. मी तो फोटो वर्गातल्या फळ्याशेजारी लावला आणि दोन दिवसांनी काढून टाकला. कोरा काळा कागद आणि मध्ये एक गोल. पाचवीतल्या मुलानं असं चित्र दिलं तर मी म्हणते, बाळा, हा कंपासचा गोल झाला, चित्र कुठाय? असा चंद्र मुंबईतूनही असाच दिसतो आणि मद्रासमधूनही. त्यात सोलापूर नव्हतं. मला टाक्यांमागून आलेला तो तांबूस चंद्र हवा होता, ज्याला कशाचा तरी शेजार होता.

शेजार म्हटल्यावर आपल्याकडं कुणीही पहिल्यांदा सिद्धेश्वराकडंच जाईल. मीही गेले. मंदिर तळ्याच्या मध्यात, पश्चिमेला भुईकोट किल्ला. किल्ल्याच्या अंगाच्या काठावर उभं राहिलं की मंदिर आणि त्याच्यामागं पूर्व. कोजागरीचा दिवस धरला. आभाळ धुऊन निघालेलं, तळं भरलेलं. चंद्र शिखराच्या बाजूनं वर आला, पाण्यात दिव्यांच्या रेघा उतरल्या, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी हात जोडले. मी कितीतरी फोटो काढले. घरी येऊन बघते तर मंदिर एवढं मोठं आणि चंद्र म्हणजे हरभऱ्याची डाळ. माझ्या डोळ्यांनी तर तो परातीएवढा बघितला होता.

इथं मला पहिली खरी गोष्ट समजली, आणि ती मी मुलांबरोबर शिकले. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा दिसतो, पण तो मोठा नसतो. आपल्या नजरेला तसं वाटतं. ताडून बघायचं म्हणून मी मुलांना पारदर्शक पट्टीच्या टोकाला टिकली लावायला सांगितली. अगदी बारीक, साडेपाच मिलिमीटरची. हात सरळ लांब करून पट्टी धरायची आणि एका डोळ्यानं टिकलीनं चंद्र झाकायचा. पौर्णिमेच्या संध्याकाळी सातला झाकून बघायचं आणि रात्री दहाला परत. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच गलका, "बाई, तेवढाच आहे!" दोन्ही वेळा तीच टिकली, तोच चंद्र. एका मुलीला पटत नव्हतं, ती तीन रात्री झाकत बसली.

त्या टिकलीतच पुढचं सगळं होतं. हात लांब केला की डोळ्यापासून पट्टी साठ सेंटिमीटरवर येते. साठ सेंटिमीटर म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या साधारण ११० पट. चंद्रही तसाच आहे. त्याचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि आपल्यापासून सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, तेही ११० पट. म्हणून कुठलीही वस्तू स्वतःच्या ११० पट अंतरावरून बघितली की ती बरोबर चंद्राएवढी दिसते. दीड मीटरचा कळस असेल तर १६५ मीटर मागं जायचं. माणूस चंद्राएवढा करायचा असेल तर १८० मीटर. चंद्र मोठा करायचा म्हणजे चंद्राकडं काही करायचं नसतंच, समोरच्या वस्तूपासून आपण लांब जायचं आणि लांबच्या लेन्सनं दोघांना एकत्र ओढून घ्यायचं. मी काठावर पुढं पुढं सरकत होते, तिथंच चुकत होतं. हे समजलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. सोलापुरातली प्रत्येक वस्तू मी ११० नं गुणायला लागले. रस्त्यानं जाताना नवरा विचारायचा, काय पुटपुटतेस?

पुढच्या पौर्णिमेला मी मागं गेले. किल्ल्याच्या पलीकडं एका नातेवाइकांची पाचव्या मजल्यावरची गच्ची आहे, तिथून शिखर दिसतं. नकाशावर रेघ मारली, चंद्र नेमका कुठून उगवणार ते फोनमधल्या अॅपवर बघितलं, कळसाची आणि त्याची रेघ जुळवली. संध्याकाळी कॅमेरा लावून उभी. उगवायची वेळ झाली, चंद्र नाही. पाच मिनिटं झाली, नाही. खाली रस्त्यावरची धूळ, चुलींचा धूर, त्यात क्षितिज बुडालेलं. आठव्या मिनिटाला तो दिसला तेव्हा कळसाच्या वर आणि चांगला सव्वा चंद्र उजवीकडं होता. मी कॅमेरा उचलून गच्चीच्या डाव्या कोपऱ्याकडं धावले, पण तिकडं टाकीची भिंत आडवी.

चंद्र सरळ वर चढत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. सोलापूर विषुववृत्ताच्या साडेसतरा अंश उत्तरेला आहे, म्हणून आपल्याकडं उगवणारी प्रत्येक गोष्ट, सूर्य असो, तारा असो, तेवढ्याच तिरक्या वाटेनं उजवीकडं कलत वर येते. अॅपवर दाखवलेली दिशा ही क्षितिजावरची असते. चंद्र तीन अंश वर येईपर्यंत तेरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात तो एक अंश उजवीकडं, म्हणजे स्वतःच्या दोन व्यासांएवढा सरकलेला असतो. कुणाला हे करायचं असेल त्यांना माझं एकच सांगणं आहे: चंद्र उगवतो कुठं हे बघू नका, तुमच्या वस्तूच्या उंचीवर आल्यावर तो कुठं असेल ते बघा.

मग मार्गशीर्षात वेळ अमावस्या आली. शेतात आंबील, भज्जी, कोपीपुढं पूजा, दिवसभर सगळे रानात. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी मी चंद्रकोर काढली. ती गोष्टच वेगळी आहे. कोरीच्या कुशीत उरलेला चंद्र राखाडी, अंधूक दिसतो. पृथ्वीवर पडलेलं ऊन चंद्रावर उलटून गेल्यामुळं तो उजेड येतो. तो टिपायला शटर उघडं ठेवावं लागतं, आणि एक सेकंद उघडं ठेवलं तरी ३०० च्या लेन्समध्ये चंद्र हललेला दिसतो. अर्ध्या सेकंदावर थांबून, आयएसओ वाढवून मला तो मिळाला. सुंदर आहे. पण शेजार त्यालाही नव्हता.

आणि शेजार मला मिळाला तो शाळेतून घरी जाताना.

आमची शाळा पूर्व भागात आहे. ज्यांनी सोलापूर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्व भाग म्हणजे मागांचा भाग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड. चादर, टॉवेल विणायचं सूत इथं रंगतं. रंगवलेल्या सुताच्या लड्या पिळून गच्चीवर आडव्या बांबूंवर वाळत घालतात. मरून, मोरपंखी, हळदी, गडद हिरवा. एका बांबूवर एक रंग, ओळीनं. मी त्या गल्लीतून बावीस वर्षं जातेय. त्या दिवशी ऊन उतरलेलं होतं, एका डाईंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, गच्चीवर तिथले अण्णा लड्या उलट्या करत होते, आणि दोन लड्यांमधून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. माझ्या डोक्यात लगेच ११० चा पाढा सुरू झाला.

लडी केवढी असते? वर जाऊन विचारलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, एक लडी बांबूवरून काढली आणि माझ्या हातात दिली. ओलसर, जड, बोटांना गार लागणारी, आणि वासाला उकळत्या पाण्यासारखी. सुताची लडी ही मापाची वस्तू आहे हे मला तिथं कळलं. ज्या चरख्यावर ती गुंडाळतात त्याचा घेर ५४ इंच, आणि एका लडीत ८४० यार्ड सूत. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतात तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरचं सूत म्हणजे पौंडाला वीस लड्या. घेर ५४ इंच म्हणजे टांगली की लडी निम्म्यानं लोंबते, २७ इंच. अडुसष्ट सेंटिमीटर. गुणिले ११०. पंच्याहत्तर मीटर.

मी गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याशी गेले आणि पलीकडच्या गच्च्या बघत राहिले. पंच्याहत्तर मीटरवर, एक मजला खाली, एक गच्ची होती, आणि ती आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या घराची निघाली. तिच्या वडिलांचे खाली सहा माग आहेत. मी जाऊन विचारलं तर ते म्हणाले, "बाई, गच्ची काय विचारायची गोष्ट आहे का? या ना कधीपण."

पौषातली पौर्णिमा हुकली. त्या महिन्यात चंद्र बराच उत्तरेकडून उगवतो. त्या गच्चीवरून त्याची रेघ डाईंगच्या बाजूनं तेरा मीटर लांब, शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून जात होती. दर पौर्णिमेला उगवायची जागा सरकत जाते, हिवाळ्यात ईशान्येकडं आणि उन्हाळ्यात आग्नेयेकडं. माघात ती पूर्वेकडं परत येणार होती आणि लड्यांच्या मागून जाणार होती. तेव्हा एक महिना थांबायचं. मध्ये सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली, नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळा झाला. यात्रा संक्रांतीची, म्हणजे सूर्याच्या हिशोबाची, त्यामुळं दरवर्षी तिच्यावर वेगळा चंद्र असतो. एखाद्या वर्षी नंदीध्वजांच्या वर भरलेला चंद्र येईल तेव्हा मला तिथं उभं राहायचंय.

थांबले ते बरंच झालं, कारण सरावाला गेले तेव्हा दोन अडचणी निघाल्या. पहिली अडचण मागांची. गच्चीच्या खाली सहा माग चालू. खटाक खटाक तो आवाज आपल्याला सवयीचा, कानांना ऐकूही येत नाही. पण ट्रायपॉडवर लांब लेन्स लावून स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर समोरची लडी थरथरत होती. थरथरत होती ती माझी गच्ची. पायाखालचा स्लॅब प्रत्येक ठोक्याला हलत होता. सगळे फोटो दुहेरी. मुलीचे वडील म्हणाले, "दहा मिनिटं माग बंद करतो की." मला ते नको होतं. संध्याकाळच्या पाळीत सहा मागांवर सहा माणसं, त्यांचा पगार कापडाच्या मीटरवर. मग मुलीच्या आईनं युक्ती काढली. एक जुनी चादर चौपदरी घडी करून कठड्यावर टाकली आणि त्यावर पाच किलो शाळूची पिशवी ठेवली. मालदांडीचे टपोरे दाणे. त्या पिशवीत खळगा करून कॅमेरा निजवला की तो असा बसतो, जसं पाळण्यात मूल. ज्वारीनं हादरा खाऊन टाकला. शटर २५० व्या भागावर नेलं, आयएसओ १६०० केला. आयएसओ वाढवला की फोटोत थोडी कणी दिसते, पण हादरा दिसायचा नाही. चित्रात कणी चालते मला, दुहेरी रेघ नाही चालत.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. पंच्याहत्तर मीटरवरच्या लडीवर फोकस केला तर सुताचा धागा न् धागा दिसायचा, पण मागचा चंद्र मऊ पडायचा, डाग विरघळल्यासारखे. चंद्रावर फोकस केला तर लड्या पुसट. दोन फोटो काढून संगणकावर जोडतात, बरेच लोक जोडतात, त्यात गैर काही नाही. पण मला एका क्षणाचं चित्र हवं होतं. ज्या क्षणी अण्णांचा हात तिथं होता, त्याच क्षणीचा चंद्र. खूप वाचल्यावर आणि खूप बिघडवल्यावर उत्तर सापडलं: फोकस दोघांवरही करायचा नाही. लडीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे दीडशे मीटरवर काहीतरी शोधायचं, त्याच्यावर फोकस करून लेन्सची फोकसची रिंग तशीच ठेवायची आणि छिद्र एफ-११. मग लडी आणि चंद्र दोघेही सारखेच किंचित मऊ राहतात, आणि ती मऊपणाची किंमत डोळ्यांना फारशी खुपत नाही. नकाशावर माप काढून मला दीडशे मीटरवर एका चाळीची काळी पाण्याची टाकी मिळाली. तिच्यावरची पांढरी अक्षरं स्वच्छ दिसली की रिंगला चिकटपट्टी लावायची.

माघ पौर्णिमा. सूर्यास्त साडेसहाच्या चार-पाच मिनिटं आधी, चंद्रोदय त्याच्याही दहा मिनिटं आधी. हे मी मुद्दाम निवडलं होतं. चंद्र लवकर आला तर उजेडात फिका पडतो, उशिरा आला तर लड्या काळ्या होतात. तो तीन अंश वर येईल तेव्हा सूर्य नुकताच गेलेला असेल, आभाळात अजून उजेड असेल, आणि चंद्राचा उजेड आणि लड्यांवरचा उजेड जवळपास सारखा असेल. हा मेळ महिन्यात एखाद-दुसऱ्या संध्याकाळीच बसतो, तोही दहा मिनिटं.

मी पाचलाच गेले. पिशवी लावली, टाकीवर फोकस केला, पट्टी चिकटवली. तिरक्या वाटेचा हिशोब करून कॅमेरा सव्वा मीटर डावीकडं सरकवला. मुलगी माझ्याशेजारी घड्याळ घेऊन उभी. खाली माग चालूच. समोरच्या गच्चीवर पाच ओळी भरलेल्या, बांबूवर बांबू, मध्ये बोटभरही फट नाही. माझ्या पोटात गोळा आला. सरावाच्या दिवशी अर्धे बांबू रिकामे होते, आज माल जास्त होता. चंद्र येणार, आणि सुताच्या भिंतीमागून निघून जाणार.

सहा वाजून पंचवीस. लड्यांच्या खालच्या कडेला, सुतांच्या मधून, काहीतरी उजळल्यासारखं झालं. "बाई, आला," मुलगी कुजबुजली. मरून लड्यांच्या मागं तो होता, धाग्यांतून गाळून येत होता, आणि पूर्ण कुठंच दिसत नव्हता. मी तसेच फोटो काढत राहिले.

तेवढ्यात अण्णा जिन्यातून वर आले. ऊन गेलं की दव धरायच्या आत लड्या उतरवतात, हे त्यांचं रोजचं काम. त्यांना मी दिसत होते की नाही माहीत नाही. त्यांनी मरूनच्या ओळीत हात घातला, पाच-सहा लड्या एकत्र सारल्या, खांद्यावर टाकल्या. आणि जी जागा रिकामी झाली त्या जागेत चंद्र टांगलेला होता. शेजारच्या लडीएवढा. वरची कड बांबूला टेकलेली, खालची कड लड्यांच्या शेवटाशी. त्याचा रंग भाजलेल्या हळदीचा. अण्णांचा एक हात अजून बांबूवर होता, कोपरापर्यंत मरून.

मी श्वास धरून बटण दाबत होते. चंद्र स्वतःच्या व्यासाएवढं सरकायला दोन मिनिटं घेतो, म्हणून मला वाटलं वेळ आहे. पण चित्र चंद्रावर थोडंच अवलंबून होतं. अण्णा वळले, खांद्यावरच्या लड्यांनी फट झाकली, ते जिन्याकडं गेले. परत आले तोवर चंद्र बांबूच्या वर निघाला होता. सगळं मिळून अर्धं मिनिट. अकरा फोटो. त्यातल्या तीनमध्ये हात बांबूवर आहे, आणि एकात बोटं उघडी आहेत, नुकतीच लडी सोडल्यासारखी.

संगणकावर फारसं काही केलं नाही. थोडा गडदपणा सावरला, एक वाकडी वायर कापली गेली तेवढी कड छाटली. मरून रंग स्क्रीनवर लालभडक व्हायला बघत होता, त्याला खाली आणायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. त्यासाठी मी त्या लडीचा एक धागा मागून आणला होता आणि तो स्क्रीनशेजारी धरून रंग जुळवत होते.

आठवड्यानं मोठी प्रत काढून डाईंगवर गेले. खाली हौदातून वाफ येत होती, अण्णा काठीनं लड्या फिरवत होते. त्यांनी हात धोतराला पुसले, मग परत पुसले, आणि फोटो कडेला धरून उजेडाला नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट मरूनवर ठेवलं, फोटोला न टेकवता, वरच्या वर.

"हा मागल्या लॉटचा. परत तसा रंग लागला नाही बघा, बाई. पाणी बदललं."

मी विचारलं, चंद्र कसा वाटला. त्यांनी बोट मरूनवरून त्या रिकाम्या जागेकडं नेलं.

"हितल्या लड्या मीच काढल्या," ते म्हणाले, "म्हणून दिसलालाय."